घरात दुःख असताना सणाला बाहेर जावं का? पहिल्या दिवाळीचं काय करायचं?

घरातलं माणूस गेल्यानंतर येणारी पहिली दिवाळी कशी काढायची, हा प्रश्न दरवर्षी अनेक घरांत असतो. 'यंदा आपल्याला सण नाही' असं घरातली मोठी माणसं सांगतात. 'इथे बसून काय करणार, चार दिवस कुठेतरी जाऊन येऊ' असं मुलं म्हणतात. आणि ज्याचं माणूस गेलेलं असतं, त्याला घरात राहवत नाही आणि बाहेर पडायचंही धाडस होत नाही.

सणाच्या दिवसांत बाहेर पडल्यानं, छोटा-मोठा प्रवास केल्यानं खरंच बरं वाटतं का? वाटत असेल तर का? आणि तो प्रवास कसा असावा?

सणालाच दुःख वर का येतं?

दिवाळीचा जवळपास प्रत्येक दिवस एखाद्या नात्याचा आहे. नरकचतुर्दशीला पहाटे उठवून तेल लावणारी आई असते. पाडव्याला बायको नवऱ्याला ओवाळते. भाऊबीजेला बहीण भावाकडे जाते किंवा भाऊ बहिणीकडे येतो. त्यामुळे घरातलं कोण गेलं आहे, त्यावर कोणता दिवस सगळ्यात जड जाणार हे ठरतं. नवरा गेलेल्या बाईला लक्ष्मीपूजन निभावता येतं, पण पाडव्याची सकाळ निभावत नाही. भाऊ गेलेल्या बहिणीसाठी भाऊबीजेचा दिवस तसा असतो.

शिवाय सण म्हणजे वास, आवाज आणि सवयी. उटण्याचा वास, चकलीच्या भाजणीचा वास, आकाशकंदील बांधायला लागणारी तीच शिडी. वर्षभर ज्या आठवणी विखुरलेल्या असतात, त्या चार दिवसांत एकत्र येतात. काही महिन्यांनी सावरलेला माणूस सणाला पुन्हा कोलमडला, तर तो 'मागे गेला' असं समजायचं कारण नाही. वाढदिवस, लग्नाचा वाढदिवस, वर्षश्राद्ध अशा तारखांना दुःख उसळून येणं हे नेहमीचं आहे.

'यंदा सण नाही' या प्रथेत काय चांगलं होतं?

अनेक मराठी घरांत दुखवट्याच्या वर्षी फराळासाठी कढई चढवत नाहीत. नवे कपडे, फटाके, रोषणाई टाळतात. पण या प्रथेचा दुसरा अर्धा भाग असा, की शेजारी आणि नातेवाईक त्या घरी फराळाचे डबे घेऊन जातात. म्हणजे सण साजरा करण्याची सक्ती नाही, पण त्या घराला एकटंही सोडायचं नाही, अशी ती सोय होती.

माणसाला घराबाहेर काढण्याची पद्धतही जुनीच आहे. दुःखातल्या लेकीला काही दिवसांसाठी माहेरी नेतात. अस्थी घेऊन कुटुंब नाशिकला, पंढरपूरला, पैठणला जातं. दुःखात प्रवास करणं ही शहरी किंवा नव्या पिढीची कल्पना नाही.

अडचण आता आहे ती वेगळी. फ्लॅटमध्ये, लहान कुटुंबात 'सण नाही' एवढंच उरलं आणि डबा घेऊन येणारी माणसं कमी झाली. मग चार दिवस बंद दारामागे, बाहेरचे फटाके ऐकत आणि मोबाईलवर इतरांचे कंदील बघत जातात.

बाहेर पडल्यानं नेमकं काय होतं?

दुःखाच्या 'पाच पायऱ्या' अनेकांनी ऐकलेल्या असतात. एलिझाबेथ कुबलर-रॉस यांनी त्या १९६९ च्या पुस्तकात मांडल्या, पण मुळात त्या मृत्यू समोर दिसत असलेल्या रुग्णांविषयी होत्या. दुःख असं पायरी पायरीनं संपत नाही, हे नंतरच्या अभ्यासकांनी दाखवून दिलं.

मार्गारेट स्ट्रोब आणि हेंक शुट या संशोधकांनी १९९९ मध्ये मांडलेली कल्पना इथे जास्त उपयोगी आहे. त्यांच्या मते, माणूस गेल्यावर मनासमोर दोन कामं असतात. एक, गेलेल्या माणसाची आठवण काढणं, रडणं, पोकळी सोसणं. दुसरं, उरलेलं आयुष्य चालवणं, म्हणजे बँकेची कामं, नवीन जबाबदाऱ्या, लोकांत मिसळणं, थोडी विश्रांती. निरोगी मन या दोन्हींत ये-जा करत राहतं. सतत रडत राहणं जसं थकवतं, तसंच सतत कामात बुडून आठवण टाळणंही थकवतं. छोटी सहल ही या ये-जामधली दुसरी बाजू आहे. ती दुःख मिटवत नाही, दुःखातून थोडा वेळ सुट्टी देते.

दुसरं कारण साधं आहे. उदास माणूस म्हणतो, 'मन लागलं की जाईन.' पण मन लागण्याची वाट बघत घरात बसलं की मन आणखी लागत नाही. नैराश्यावरच्या उपचारांत यासाठी उलटा क्रम वापरतात. आधी ठरवून एखादी छोटी कृती करायची, मन मागून येतं. सकाळी बाहेर पडल्यानं ऊन मिळतं, चालणं होतं, दोन माणसांशी बोलणं होतं आणि रात्री झोप येण्याची शक्यता वाढते.

हे पळून जाणं नाही का?

होऊ शकतं. फरक जागेत नाही, हेतूत आहे. 'तिथे कुणी त्यांचं नाव काढायचं नाही' अशी अट घालून केलेली सहल बहुतेक वेळा फसते, कारण आठवण सोबतच येते आणि ती बोलायची चोरी होते. उलट, ज्या सहलीत गेलेल्या माणसाला थोडी जागा ठेवलेली असते, ती सोपी जाते. त्यांच्या आवडीच्या ठिकाणी एक संध्याकाळ, त्यांच्या नावानं एक पणती, जेवताना त्यांचा एक किस्सा. गेलेल्या माणसाशी असलेलं नातं तोडलंच पाहिजे असं नाही, ते वेगळ्या रूपात चालू राहू शकतं, हा विचार मानसशास्त्रात १९९० च्या दशकापासून रुजला आहे. श्राद्धाचं पान वाढणाऱ्या समाजाला तो नवा वाटायला नको.

कुठे जायचं, कधी जायचं?

पहिल्यांदा घरातला सगळ्यात जड दिवस ओळखावा. पूर्ण दिवाळी बाहेर काढण्याऐवजी तेवढी एक सकाळ किंवा संध्याकाळ बाहेर काढली तरी पुष्कळ असतं.

लांबच्या सहलीत एक व्यावहारिक अडचण आहे. रेल्वेचं आरक्षण आता ६० दिवस आधी उघडतं, म्हणजे दिवाळीचा निर्णय गणपती-पितृपक्षाच्या सुमारास घ्यावा लागतो. दुःखातल्या माणसाला दोन महिन्यांनंतर आपल्याला काय झेपेल हे सांगता येत नाही. त्यामुळे पहिल्या वर्षी जवळचं ठिकाण बरं. एसटीनं ७५ वर्षांवरच्या नागरिकांना राज्यात मोफत प्रवास आहे, ६५ ते ७५ वयोगटाला आणि सर्व महिलांना अर्धं तिकीट आहे. ज्येष्ठांनी वयाचा पुरावा असलेलं ओळखपत्र सोबत ठेवावं. तालुक्याच्या गावची बहीण, जुनी मैत्रीण, कुलदैवत, नदीकाठचं देऊळ, इतकंही अंतर चालतं.

गर्दीचा विचार आधी करावा. दिवाळीच्या पहाटे डोंबिवलीचा फडके रोड किंवा पुण्यातली सारसबाग नटूनथटून आलेल्या माणसांनी भरलेली असते. काहींना त्या गर्दीत हायसं वाटतं. काहींना मात्र भोवतालची सगळी कुटुंबं पूर्ण आणि आपलंच अपुरं असं वाटून जास्त त्रास होतो. अशांसाठी लक्ष्मीपूजनानंतर साधारण पंधरा दिवसांनी येणारी त्रिपुरी पौर्णिमा चांगली. तेव्हा घाटांवर आणि देवळांत दिवे लावतात, पण घरोघरच्या जल्लोषाचा दबाव नसतो. पर्यटनस्थळांवरची दिवाळीच्या सुट्टीची गर्दीही तोवर ओसरू लागते.

सहल ठरवताना या गोष्टी पाहाव्यात

- परत फिरण्याची सोय. 'नाही झेपलं तर तासाभरात निघू' असं आधीच ठरलेलं असलं की माणूस निघायला तयार होतो.
- दिवसाला एकच ठरलेली गोष्ट. पाच ठिकाणं बघण्याच्या घाईत थकवा येतो, आणि थकलेल्या मनाला दुःख जास्त लागतं.
- सोबत कोण. सतत 'आता विसरा' म्हणणाऱ्या माणसापेक्षा गप्प बसू शकणारा माणूस बरा.
- औषधं, जेवणाच्या वेळा आणि झोप. दुःखात या तिन्हींचा विसर पडतो.
- लहान मुलं. आजोबा गेले म्हणून किल्ला करायचा नाही असं सांगण्याऐवजी, यंदाचा किल्ला आजोबांच्या नावानं करू, असं म्हणता येतं.

परत आल्यावरचं घर

सहलीबद्दल बोलताना हा भाग बहुतेक वेळा राहून जातो. कुलूप उघडून रिकाम्या घरात पाऊल टाकणं हा अनेकांसाठी सगळ्यात अवघड क्षण असतो, कारण 'आलात का, कसा झाला प्रवास' असं विचारणारं माणूस आता नसतं. त्यामुळे परतायची वेळ शक्यतो दिवसाची ठेवावी. त्या दिवशी कुणीतरी घरी यावं किंवा फोन करावा, आणि दुसऱ्या दिवशीचं एक छोटं काम आधीच ठरलेलं असावं.

लोक काय म्हणतील?

ही भीती सगळ्यात जास्त बायकांच्या वाट्याला येते. नवरा गेलेली बाई सणाला बाहेर दिसली, हसताना तिचा फोटो कुणी स्टेटसला ठेवला, की कुजबुज होते. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि इतर ग्रामपंचायतींनीही तसं करावं असं राज्य सरकारनं त्यानंतर कळवलं. ठरावानं कुजबुज लगेच थांबत नाही, पण घरच्यांनी ठामपणे सोबत उभं राहिल्यानं बराच फरक पडतो. फोटो टाकण्याआधी त्या व्यक्तीला विचारणं हाही त्याचाच भाग.

नातेवाइकांनी काय करावं?

'काही लागलं तर सांगा' हे वाक्य मनापासूनचं असलं तरी दुःखातला माणूस सहसा काही सांगत नाही. त्याऐवजी नेमकं विचारावं. 'काकू, पाडव्याला सकाळी नऊ वाजता गाडी घेऊन येतो. देवळात जाऊ, तासभर बसू, जेवायच्या आत घरी सोडतो. ऐनवेळी नको वाटलं तर नाही म्हणा, मी नुसता चहाला येईन.' यात वेळ आहे, अवधी आहे आणि नकाराची मोकळीक आहे.

घरात कुणी गेलेलं नसतानाही सण एकट्यानं काढणारे पुष्कळ असतात. ज्यांची मुलं अमेरिकेत आहेत, त्यांची लक्ष्मीपूजनाची संध्याकाळ म्हणजे मुलांची कामाची सकाळ असते. व्हिडिओ कॉल दहा मिनिटांत संपतो. अशा दोन-तीन घरांनी मिळून पाडव्याचं जेवण किंवा जवळची सहल ठरवली, तर उरलेली संध्याकाळ जाते.

मदत कधी घ्यावी?

सहल हा उपचार नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत लांबलेल्या दुःखाची वेगळी नोंद आहे. माणूस गेल्यावर सहा महिन्यांहून जास्त काळ तीव्र ओढ किंवा वेदना तशीच राहिली आणि रोजचं जगणंच अडलं, तर तिचा विचार होतो. जेवण-झोप बिघडलेली राहणं, कुणालाही भेटायला नको वाटणं, दारू वाढणं, 'मीही का राहिलो' असं बोलणं ही लक्षणं दिसली तर सहा महिने थांबू नये. जीव नकोसा झाल्याचं कुणी बोललं तर त्या माणसाला एकटं सोडू नये आणि लगेच डॉक्टरांशी बोलावं. केंद्र सरकारच्या टेली-मानस हेल्पलाइनवर १४४१६ या क्रमांकावर मोफत बोलता येतं. ज्येष्ठ नागरिकांसाठी १४५६७ ही हेल्पलाइन आहे.

पहिल्या दिवाळीला घरात राहणं चूक नाही आणि बाहेर जाणंही चूक नाही. जड दिवस कोणता, सोबत कोण आणि परत आल्यावर दार कोण उघडणार, एवढं आधी ठरलं तर दोन्ही निभावतं. पुढच्या वर्षी कढई चढवायची की नाही, ते पुढच्या वर्षी ठरवता येईल.