जुन्या संगीत-सिक्वेन्सर यंत्रांचा स्मृतिविस्तार : स्वरूप आणि मर्यादा

प्रास्ताविक : स्वरांचा व लयीचा क्रम नोंदवून तो पुन्हा वाजवणाऱ्या यंत्रास सिक्वेन्सर असे म्हणतात. १९८० च्या दशकात या यंत्रांत ध्वनीचे नमुने घेण्याची, म्हणजेच सॅम्पलिंगची सोय आली आणि स्मृतीचा, अर्थात मेमरीचा प्रश्न ऐरणीवर आला. स्वरक्रमास जागा फारशी लागत नाही. मिडी पद्धतीत स्वर सुरू करण्याची आज्ञा अवघ्या तीन बाइटांची असते. ध्वनीचे तसे नाही. सीडीच्या दर्जाचा एक सेकंदाचा स्टिरिओ ध्वनी साठवावयाचा तर १,७६,४०० बाइट खर्ची पडतात. रॉजर लिन यांनी अकाई कंपनीसाठी रचलेल्या एमपीसी ६० (१९८८) या यंत्रात ६०,००० स्वरांची नोंद होत असे. ध्वनी मात्र १३.१ सेकंदांचाच मावत असे. विस्तारानंतर ही मर्यादा २६.२ सेकंद झाली.

मर्यादेतून शैली : ई-म्यू कंपनीच्या एसपी-१२०० (१९८७) मध्ये एकूण १० सेकंदांचीच जागा होती. अमेरिकेतील हिप-हॉप निर्मात्यांनी यावर नामी तोड काढली. ३३⅓ फेऱ्यांची तबकडी ४५ फेऱ्यांवर फिरवून नमुना घ्यावयाचा व नंतर यंत्रातच त्याची पट्टी उतरवावयाची. वेग १.३५ पट झाल्याने दहा सेकंदांत साडेतेरा सेकंदांचा ध्वनी बसे. परंतु प्रत्यक्ष नमुनादर २६.०४ वरून सुमारे १९.३ किलोहर्ट्झवर येई. त्यातून उद्भवणारा खरखरीतपणा हा दोषच. पुढे तोच त्या संगीताची ओळख ठरला.

विस्ताराची प्रक्रिया : अकाईच्या एमपीसी २००० (१९९७) या यंत्राची मूळ २ एमबी स्मृती ३२ एमबीपर्यंत वाढवता येते. त्यासाठी ७२ पिनांची, प्रत्येकी १६ एमबीची दोन सिम मॉड्यूले लागतात. स्टिरिओ ध्वनीचा अवधी त्यामुळे सुमारे १२ सेकंदांवरून तीन मिनिटांवर जातो. संगणक उद्योगाने ही मॉड्यूले केव्हाच मोडीत काढल्याने ती जुन्या संगणकांतून वा जुन्या सुट्या भागांच्या बाजारातून मिळवावी लागतात. यंत्र बंद होताच स्मृतीतील सर्व मजकूर पुसला जातो. म्हणून काम आधी डिस्कवर उतरवून घेणे अगत्याचे आहे. प्लग काढल्यावरही वीजपुरवठ्याच्या भागातील कपॅसिटरांत विद्युतभार राहतो, त्यामुळे तेथे हात लावू नये. मॉड्यूल हाताळण्यापूर्वी शरीरावरील स्थिर विद्युत जमिनीत जाऊ द्यावी. मॉड्यूलच्या एका कडेला खाच असते. ती जुळल्याखेरीज जोर लावणे म्हणजे सॉकेट तोडणे होय.

स्मृती वाढली तरी ती भरावयाची कशी, हा प्रश्न उरतोच. १.४४ एमबीच्या फ्लॉपीवरून ३२ एमबी भरण्यास तेवीस फ्लॉप्या लागतात. त्यामुळे एसडी कार्डावर चालणारी व एससीएसआय डिस्कचे काम करणारी उपकरणे अलीकडे जोडली जातात.

जतनाचा प्रश्न : जे डिला (मृत्यू २००६) यांचे एमपीसी ३००० हे यंत्र वॉशिंग्टन येथील स्मिथसोनियन संस्थेच्या आफ्रिकी-अमेरिकी इतिहास व संस्कृती संग्रहालयात आहे. अशा वस्तूत फेरफार करण्याचा प्रश्नच येत नाही. रोजच्या वापरातील यंत्रांना तो निकष लावणे मात्र अवाजवी ठरेल. सिम मॉड्यूल डाख न देता बसते व तसेच काढताही येते. मूळ भाग व बदलाची नोंद यंत्रासोबत ठेवल्यास यंत्र पूर्वस्थितीत आणता येते. डाख देऊन केलेल्या बदलांविषयी असे म्हणता येत नाही.