लेखांक 7 : भाड्याची वाहिनी, घडवलेला भरवसा

एकाच आवारातील संगणक केबलने जोडण्याची रीत मागील लेखांकात पाहिली. त्या रीतीत केबल, यंत्रे आणि भिंती या तिन्हींचा मालक एकच असल्यामुळे केबल कुठून न्यायची, किती जाडीची घ्यायची आणि बिघडली तर कोणी दुरुस्त करायची, हे सारे निर्णय घरातल्या घरात होतात. जोडायचा दुसरा सर्व्हर, म्हणजे इतर संगणकांना माहिती व सेवा पुरवणारा मध्यवर्ती संगणक, शेकडो किलोमीटरवरच्या शहरात असेल, तर मात्र आवाराच्या कुंपणापाशीच ही रीत संपते. भारतात तर 1885 च्या टेलिग्राफ कायद्याने तारेची यंत्रणा उभारण्याचा आणि चालवण्याचा अनन्य अधिकार केंद्र सरकारकडे ठेवला होता, त्यामुळे एखाद्या संस्थेपाशी पैसा आणि तंत्रज्ञ दोन्ही असले तरी स्वतःची तार गावोगाव ओढत नेणे तिच्या हाती नव्हते. उरणारा मार्ग एकच होता, तो म्हणजे दूरसंचार यंत्रणेच्या जाळ्यातील एक वाट केवळ स्वतःच्या वापरासाठी भाड्याने घेणे. व्यवहारात या वाटेला सर्रास ‘लीज्ड लाइन’ म्हटले जाते.

साध्या टेलिफोनची तार एक्स्चेंजमध्ये पोहोचल्यावर स्विचला, म्हणजे फिरवलेल्या क्रमांकाप्रमाणे वाट जोडून देणाऱ्या यंत्राला, जोडलेली असते. संभाषण संपले की ती वाट मोडते आणि तिचे तुकडे दुसऱ्या कोणाच्या तरी संभाषणासाठी मोकळे होतात. लीज्ड लाइन एक्स्चेंजमध्ये येते खरी, पण स्विचपर्यंत जात नाही. ज्या चौकटीवर गावातील सर्व तारांची टोके आणून बांधलेली असतात, तिथेच एका जोडतारेने ती दुसऱ्या शहराकडे जाणाऱ्या वाटेशी कायमची जोडून दिली जाते. म्हणून या वाहिनीला क्रमांक नसतो, डायल टोन नसतो आणि ‘व्यस्त आहे’ असा संकेतही तिच्यावर कधी ऐकू येत नाही. साधारणपणे तिच्यासाठी दोनऐवजी चार तारा दिल्या जात, दोन जाण्यासाठी आणि दोन येण्यासाठी, जेणेकरून दोन्ही टोकांच्या यंत्रांना एकाच वेळी बोलता यावे.

टेलिफोनचे जाळे मात्र मुळात माणसाच्या आवाजासाठी बांधलेले होते. एका संभाषणाला सुमारे 300 ते 3,400 हर्ट्‌झ एवढाच कंपनांचा पट्टा मिळत असल्यामुळे संगणकाचे शून्य आणि एक हे संकेत जसेच्या तसे त्यातून लांब जाऊ शकत नव्हते. त्यांचे आवाजाच्या पट्ट्यात बसणाऱ्या स्वरांत रूपांतर करणारे आणि दुसऱ्या टोकाला ते पुन्हा मूळ रूपात आणणारे यंत्र म्हणजे मोडेम. लांब तारेत काही कंपने इतरांपेक्षा किंचित उशिरा पोहोचतात. माणसाच्या कानाला हा फरक जाणवत नाही, पण मोडेमला तो चांगलाच जाणवतो, कारण एका संकेताची शेपटी पुढच्या संकेतावर चढते. वाट दर वेळी बदलत असेल तर हा दोष आधी मोजून ठेवता येत नाही. कायम जोडलेल्या वाटेवर तो एकदा मोजून त्याला नेमके उत्तर देणारी मंडले बसवता येतात. लीज्ड लाइनचे तांत्रिक बळ बऱ्याच अंशी या स्थिरतेत होते.

या सोयीचे मोल वेगळ्या प्रकारे चुकवावे लागे. भाडे अंतरावर आणि क्षमतेवर ठरत असे, वापरावर नव्हे. वाहिनीवरून रात्रंदिवस माहिती गेली काय किंवा आठवडाभर एक अक्षरही गेले नाही काय, महिन्याचे बिल तेवढेच येई. माणूस टेलिफोनवर बोलतो तेव्हा संभाषण बरेचसे अखंड चालते, पण संगणकाचे बोलणे झटक्याझटक्याने होते. एक ओळ पाठवली जाते, मग उत्तराची वाट पाहिली जाते, मग पडद्यासमोरचा माणूस विचार करतो, आणि या साऱ्या काळात तार रिकामी पडून असते. तेव्हा संस्था भाडे भरत होती त्यातील मोठा हिस्सा शांततेचा होता. ही शांतता वाया जाऊ न देण्याच्या खटपटीतून आजच्या संगणकीय जाळ्याची मूळ कल्पना पुष्कळशी आकाराला आली, आणि तंत्रज्ञानाच्या इतिहासात या आर्थिक कारणाला मिळायला हवे तेवढे श्रेय मिळालेले नाही.

अमेरिकेत 1965 मध्ये लॅरी रॉबर्ट्‌स आणि थॉमस मॅरिल यांनी मॅसॅच्युसेट्‌समधील लिंकन प्रयोगशाळेतील टीएक्स-2 हा संगणक कॅलिफोर्नियातील सांता मोनिका येथील क्यू-32 या संगणकाशी सेकंदाला 1,200 बिट वाहणाऱ्या टेलिफोन वाहिनीवरून जोडला. दोन्ही संगणक एकमेकांचे काम करू शकतात, हे त्या प्रयोगाने सिद्ध केले. त्याचबरोबर दोघांच्या संवादासाठी एक सबंध वाट अडवून ठेवणारी टेलिफोनची पद्धत संगणकांना मानवणारी नाही, हेही दाखवून दिले. त्याच सुमारास इंग्लंडमध्ये डोनाल्ड डेव्हिस यांनी संदेशाचे छोटे तुकडे करून, प्रत्येकावर पत्ता लिहून, ते एकाच वाहिनीवर इतरांच्या तुकड्यांत मिसळून पाठवण्याची पद्धत मांडली आणि त्या तुकड्यांना ‘पॅकेट’ हे नाव दिले. पॉल बॅरन यांनी रँड या संस्थेत त्याआधीच याच कल्पनेवर काम केले होते, पण त्यांच्यापुढचा प्रश्न निराळा होता : हल्ल्यात काही वाहिन्या उद्ध्वस्त झाल्या तरी संदेश पोहोचावा कसा. एकाला वाहिनीची शांतता भरून काढायची होती आणि दुसऱ्याला वाहिनीच्या मृत्यूची तजवीज करायची होती; उत्तर मात्र दोघांचे एकच निघाले.

या उत्तराची मोठी कसोटी 1969 मध्ये अर्पानेट या जाळ्याच्या रूपाने लागली. त्यासाठी एटी अँड टी या टेलिफोन कंपनीकडून सेकंदाला 50,000 बिट वाहणाऱ्या वाहिन्या भाड्याने घेतल्या होत्या. एवढी क्षमता एका आवाजाच्या पट्ट्यात मावत नाही, म्हणून बारा संभाषणांसाठी राखलेला सलग पट्टा एकेका वाहिनीसाठी खर्ची पडत असे. अशी महाग वाहिनी एकट्या संगणकाच्या हवाली करण्याऐवजी प्रत्येक केंद्रावर ‘आयएमपी’ नावाचे एक वेगळे यंत्र ठेवावे, त्याने शेजारच्या संगणकाकडून संदेश घ्यावा, त्याची पॅकेटे करावीत आणि दुसऱ्या केंद्राच्या आयएमपीकडे धाडावीत, अशी रचना झाली. आजच्या राउटरचे हे पूर्वज. एक पॅकेट जास्तीत जास्त सुमारे हजार बिटांचे असल्यामुळे ते तारेवर सेकंदाचा पन्नासावा भागच व्यापत असे आणि लगेच दुसऱ्या कोणाचे पॅकेट मागोमाग निघू शके.

वाहिनी भाड्याने देणारा बिनचूकपणाची हमी देत नाही, ही गोष्ट त्या रचनाकारांनी मुळातच गृहीत धरली होती. वीज चमकली, जवळून दुसऱ्या तारेचा आवाज झिरपला किंवा एखाद्या कारागिराचा हात जोडणीला लागला, तरी काही बिटे बदलतात. म्हणून प्रत्येक पॅकेटच्या शेवटी त्यातील सर्व बिटांवरून गणिताने काढलेली 24 बिटांची पडताळणी-संख्या जोडली जाई. घेणाऱ्या यंत्राने तीच संख्या स्वतः काढून ताळा पाहायचा, जुळला तर पोच द्यायची, न जुळला तर पॅकेट टाकून द्यायचे, आणि पोच येईपर्यंत पाठवणाऱ्याने आपल्याकडची प्रत जपून ठेवून ठरावीक वेळाने पुन्हा पाठवायची. 29 ऑक्टोबर 1969 च्या रात्री लॉस एंजेलिसच्या विद्यापीठातून सुमारे 560 किलोमीटरवरील स्टॅनफर्ड संशोधन संस्थेला ‘लॉगिन’ हा शब्द पाठवताना ‘एल’ आणि ‘ओ’ ही दोन अक्षरे पोहोचली आणि काम थांबले, तेव्हा वाहिनी शाबूत होती, आयएमपीही शाबूत होते. कोसळली होती ती पलीकडच्या संगणकाची प्रणाली. दुरुस्ती करून थोड्या वेळाने पुन्हा प्रयत्न केला आणि तो यशस्वी झाला.

भारतात हीच वाटचाल अधिक काटकसरीने झाली. इलेक्ट्रॉनिक्स विभागाने संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाच्या साहाय्याने 1986 मध्ये अर्नेट हा शैक्षणिक जाळ्याचा प्रकल्प सुरू केला, आणि त्यात मुंबईच्या जुहू येथील राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्राला, म्हणजे एनसीएसटीला, मोक्याचे स्थान मिळाले. आरंभी टेलिफोन फिरवून जोडणी केली जाई. 1992 पर्यंत आयआयटी, बंगळुरूची भारतीय विज्ञान संस्था, दिल्लीचा विभाग आणि जुहूचे केंद्र सेकंदाला 9,600 बिटांच्या लीज्ड लाइनने जोडले गेले. या वेगाने दहा लाख अक्षरांची एक फाइल जाण्यास जवळजवळ चौदा मिनिटे लागतात. त्याच वर्षी जुहूहून अमेरिकेतील व्हर्जिनियाकडे 64,000 बिटांची वाहिनी सुरू झाली. आवाजाचे अंकीकरण करताना सेकंदाला 8,000 नमुने घेतात आणि प्रत्येक नमुना 8 बिटांत लिहितात, त्यामुळे 64,000 बिट ही नेमकी एका टेलिफोन संभाषणाची क्षमता ठरते. देशातील अग्रगण्य संस्थांतील प्राध्यापक आणि विद्यार्थी एकाच संभाषणाएवढ्या रुंदीच्या दारातून जगाशी पत्रव्यवहार करत होते, आणि हे पॅकेटमुळेच शक्य झाले.

सर्वसामान्य माणसाला दूरच्या सर्व्हरांच्या जोडणीचा प्रत्यय आला तो रेल्वेच्या आरक्षण-खिडकीवर. दिल्ली, मुंबई, कोलकाता, चेन्नई आणि सिकंदराबाद येथे आरक्षणाचे पाच स्वतंत्र सर्व्हर होते आणि प्रत्येकापाशी आपापल्या विभागातील गाड्यांचाच हिशेब होता. 1999 मध्ये हे पाचही एकमेकांशी जोडले गेले, आणि मुंबईच्या खिडकीवर मागितलेली दिल्लीच्या हिशेबातील जागा दिल्लीच्याच सर्व्हरने देण्याची सोय झाली. इथे अडचण वेगाची नसते, अर्धवट राहिलेल्या व्यवहाराची असते. दूरच्या सर्व्हरने जागा नोंदवली आणि उत्तर येता येता वाहिनी तुटली, तर तिकीट छापले गेलेले नसते आणि जागाही मोकळी नसते. म्हणून अशा व्यवस्थेत प्रत्येक मागणीला स्वतंत्र क्रमांक द्यावा लागतो, तीच मागणी दुसऱ्यांदा आली तर नवी जागा न देता आधीचेच उत्तर परत पाठवावे लागते, आणि पूर्ण न झालेला व्यवहार दोन्ही टोकांना मागे फिरवावा लागतो.

वाहिनी तुटेल तेव्हा दुसरी असावी, हा उपाय कोणालाही सुचतो. अर्पानेटच्या पहिल्या चार केंद्रांपैकी युटा विद्यापीठ एकाच वाहिनीने बाकीच्यांशी जोडलेले होते. पुढे प्रत्येक केंद्राला किमान दोन वाहिन्या असाव्यात, असे धोरण ठरले. पण 12 डिसेंबर 1986 रोजी अमेरिकेचा न्यू इंग्लंड हा ईशान्येकडील भाग सुमारे अकरा तास अर्पानेटपासून तुटला. त्या भागाकडे जाणाऱ्या वाहिन्या एकदोन नव्हे, सात होत्या. नकाशावर त्या सात रेषा होत्या, बिलेही सात वाहिन्यांची येत असणार. प्रत्यक्षात टेलिफोन कंपनीच्या जाळ्यात त्या सातही एकाच फायबर केबलमधून नेल्या गेल्या होत्या, आणि न्यूअर्क व व्हाइट प्लेन्स यांच्या दरम्यान ती एक केबल कापली गेली. पर्यायी वाट शोधून काढण्याचे कौशल्य असलेली यंत्रे जागेवर होती, परंतु शोधायला वाटच उरली नव्हती.

आपल्या शहरांत रस्त्याचे खोदकाम ही नित्याची बाब आहे. म्हणून बँक, रुग्णालय, महाविद्यालय किंवा सहकारी संस्था यांच्यासाठी दोन लीज्ड लाइनचा करार करणाऱ्या प्रत्येकाने, कंपन्या दोन असल्या तरीही, दोन्ही वाहिन्या इमारतीत कोणत्या बाजूने शिरतात, कोणत्या एक्स्चेंजमधून जातात आणि वाटेत कुठे एकाच चरातून नेल्या आहेत का, याचा नकाशा करारावर सही करण्यापूर्वी लेखी मागून घ्यावा.