वलयांची दुनिया (लेखांक ९) : आठ तासांची चार मिनिटं होतात कशी?

परभणीतल्या कुठल्याही कृषी सेवा केंद्रात कपाशीवरच्या मावा-तुडतुड्यांसाठी औषध मागा, थायामेथोक्झामचं पाकीट बहुधा समोर येईलच. त्या रेणूत पाच अणूंचं एक छोटं वलय असतं : तीन कार्बन, एक नायट्रोजन, एक गंधक. हे थायाझोल. जीवनसत्त्व ब-१ मध्येही तेच वलय आहे.

हे वलय बनवण्याची रसायनशास्त्रज्ञ हान्त्श यांनी १८८७ मध्ये दाखवलेली कृती आजही एमएस्सीचे विद्यार्थी करतात. फिनॅसिल ब्रोमाइड आणि थायोयुरिया इथेनॉलमध्ये घ्यायचे. थायोयुरियातला गंधक ब्रोमीन असलेल्या कार्बनवर चाल करून जातो, ब्रोमीन निघून जातो, नायट्रोजन शेजारच्या कार्बोनिलशी जुळतो, पाण्याचा रेणू बाहेर पडतो आणि वलय मिटतं. फिनॅसिल ब्रोमाइड डोळ्यांतून घळाघळा पाणी काढतं, म्हणून १९४५ मध्ये डॉडसन आणि किंग यांनी ॲसिटोफिनोन, आयोडीन व थायोयुरियाची वाट सुचवली. मात्र त्यासाठी मिश्रण रात्रभर तापवावं लागे.

सेंद्रिय अभिक्रिया मायक्रोवेव्हमध्ये झपाट्याने उरकतात, हे १९८६ मध्ये दोन संशोधक गटांनी दाखवलं. त्यापाठोपाठ 'मायक्रोवेव्ह परिणाम' नावाची दंतकथाही आली : म्हणे या लहरी थेट बंध तोडतात! २.४५ गिगाहर्ट्झच्या लहरींची ऊर्जा मोलमागे जेमतेम एक ज्यूल. कार्बन-कार्बन बंध तोडायला सुमारे साडेतीन लाख ज्यूल लागतात. तेव्हा ही गोष्ट सोडून द्यावी.

खरं कारण साधं आहे : तापमान. इथेनॉल उघड्या चंबूत ७८ अंशांवर उकळतं, त्यापुढे जात नाही. बंद, दाब सहन करणाऱ्या नळीत ते १४८ अंशांपर्यंत नेता येतं. मग दाब वातावरणाच्या साधारण दहापट होतो. दर दहा अंशांना वेग दुप्पट होतो हा ढोबळ नियम लावा. सत्तर अंशांत सात वेळा दुप्पट, म्हणजे १२८ पट. आठ तासांची ४८० मिनिटं भागिले १२८ : पावणेचार मिनिटं. इथेनॉल लहरी छान शोषतं, त्यामुळे तिथवर पोहोचायलाही वेळ लागत नाही. टोल्यूइन मात्र जवळपास थंडच राहतं.

मराठवाड्यातल्या महाविद्यालयांत पुष्कळदा घरगुती ओव्हनवर काम चालतं. खास रिॲक्टरची किंमत लाखांत जाते, त्यामुळे त्यात कमीपणा काही नाही. पण साध्या ओव्हनमध्ये '३०० वॅट' म्हणजे सहसा पूर्ण शक्तीचे झटके आणि मधल्या विश्रांती. आतलं तापमान कळत नाही. द्रावकाच्या वाफेला ठिणगी मिळाली तर भडका, आणि घट्ट बंद बाटली ठेवली तर स्फोट. म्हणून बरेच जण द्रावकाविना, घटक नुसते खलून तापवतात. तिथे उत्कलनबिंदूची मर्यादा नसते, पण काही ठिकाणी मिश्रण करपतं.

शोधनिबंधात नुसते वॅट आणि मिनिटं दिसली, तापमान कुठेच नसेल, तर तो प्रयोग दुसऱ्या ओव्हनवर तसाच उतरेल याची खात्री मला वाटत नाही. वेळेची तुलनाही तपासून घ्यावी : फिनॅसिल ब्रोमाइडची अभिक्रिया साध्या रिफ्लक्सवरही (द्रावक उकळत ठेवूनही) फार रेंगाळत नाही. तिथे 'आठ तासांऐवजी' असं लिहिलेलं आढळलं, तर ते आठ तास कुणी मोजले होते हे आधी विचारावं.

(पुढील आठवड्यात : गेवाल्ड अभिक्रिया आणि थायोफिन)