मोबाइलवरील दुकानदारी : वेळेचाही हिशेब ठेवा

कांदिवली पश्चिमेला आमचे कापड आणि ड्रेस मटेरियलचे छोटे दुकान आहे. जरीकाम आणि शिलाई करणारे काही कारागीर आमच्यावर अवलंबून आहेत. मार्च 2020 मध्ये टाळेबंदी लागली आणि लोकल गाड्या सर्वसामान्यांना बंद झाल्या. पुढे दुकाने उघडली तरी लोकलची दारे सर्वांसाठी, तीही ठरावीक वेळेपुरती, 1 फेब्रुवारी 2021 रोजी उघडली. त्या काळात मालाड, दहिसर, मीरा रोडकडून येणारे गिऱ्हाईक तुटले. इतर अनेक दुकानदारांप्रमाणे आम्हीही तागे उलगडून त्यांचे फोटो व्हॉट्सॲपवर पाठवू लागलो. त्यावर धंदा तगला, कारागिरांची मजुरीही निघाली.

त्यानंतर मात्र आमचा तोल गेला. व्हॉट्सॲपपाठोपाठ फेसबुक आले, इन्स्टाग्राम आले, रील आल्या. सकाळी गल्ला उघडण्याआधी मोबाइल उघडायचा आणि रात्री दुकान बंद करून पुन्हा मोबाइलच उघडायचा, अशी सवय लागली. समोर गिऱ्हाईक उभे आणि आमची नजर मोबाइलमध्ये, असेही होऊ लागले. एकदा मुलीने हिशेब मांडला. दिवसाचे तीन तास धरले तर 26 दिवसांच्या महिन्यात 78 तास होतात. ती म्हणाली, "अब्बा, एवढा वेळ एखादा नोकर बसला असता तर तुम्ही त्याच्या कामाचा हिशेब मागितला असता." आमच्यापाशी उत्तर नव्हते. तेव्हापासून काय बदलले आणि कोणत्या चुका झाल्या, ते आमच्या व्यापारी व कारागीर बंधुभगिनींच्या उपयोगी पडावे म्हणून येथे मांडत आहोत.

गिऱ्हाईक येते कुठून?

पहिली गोष्ट म्हणजे सर्व ठिकाणी हजेरी लावण्याची गरज नाही. आम्ही एक महिना गल्ल्याजवळ वही ठेवली. येणाऱ्या प्रत्येकाला, "आमचे नाव कुठून कळले?" एवढेच विचारले आणि उत्तरापुढे खूण केली. ज्या रीलला सर्वांत जास्त लोकांनी पाहिले होते, तिच्यामुळे आलेले गिऱ्हाईक बोटांवर मोजण्याइतके निघाले. पाहणारे दूरदूरच्या शहरांतले होते. जुन्या गिऱ्हाइकांचा व्हॉट्सॲप आणि गुगलच्या नकाशावर दुकान शोधणारे लोक, या दोन वाटांनी खरी विक्री होत होती.

म्हणून आम्ही व्हॉट्सॲप आणि गुगलवरील नोंद हे मुख्य काम ठरवले. इन्स्टाग्राम आणि फेसबुक दुय्यम ठेवले. प्रत्येकाचा अनुभव वेगळा असेल. जरदोजीच्या कारागिराला इन्स्टाग्रामवरून दूरचे बुटीकवाले मिळू शकतात, कारण त्याचे काम डोळ्यांनी पाहूनच पटते. पण आधी महिनाभर वही ठेवा आणि मग निर्णय घ्या.

गुगलवर दुकानाची नोंद मोफत होते. नाव, वेळ, फोन आणि दुकानाच्या दर्शनी भागाचा फोटो द्यावा. पत्त्यात ओळखीची खूण लिहावी. 2022 पासून या भागात मेट्रो धावू लागल्यावर कित्येक जण रेल्वे स्टेशनऐवजी डहाणूकरवाडी किंवा कांदिवली पश्चिम मेट्रो स्थानकाकडून येतात. तेथून कसे यावे हे लिहिल्यावर वाट विचारणारे फोन कमी झाले. सणासुदीला वेळ बदलली तर तीही त्याच दिवशी बदलावी. नोंदीसाठी पैसे मागणारा फोन आला तर तो सरळ बंद करावा.

दिवसातून तीन वेळा, ठरवून

आता आम्ही मोबाइलवरील दुकान दिवसातून तीनदा उघडतो. सकाळी अर्धा तास, दुपारी पंधरा मिनिटे आणि रात्री पंधरा मिनिटे. महिन्याला 26 तास होतात. आठवड्यातून एकदा दोन तास फोटो काढण्यासाठी देतो, त्याचे आठ. एकूण 34. पूर्वीच्या 78 तासांतले 44 तास वाचले, ते माल पाहण्यात आणि कारागिरांकडे फेरी मारण्यात जातात.

मग मधल्या वेळेत निरोप आला तर काय? यासाठी व्हॉट्सॲपचे व्यापाऱ्यांसाठीचे वेगळे ॲप आहे. ते जानेवारी 2018 मध्ये आले आणि छोट्या दुकानदाराला मोफत मिळते. त्यातील चार सोयी आमच्या रोजच्या वापरातल्या आहेत.

1. आपोआप जाणारे उत्तर : दुकान बंद असताना कोणी लिहिले तर त्याला आपण आधी लिहून ठेवलेला निरोप जातो. शुक्रवारी दुपारी नमाजच्या वेळी दुकान बंद असते, तेव्हा "अडीच वाजता उत्तर देऊ" असे गिऱ्हाइकाला कळते. थांबायचे किती हे ठाऊक असले की माणूस सहसा थांबतो. मात्र दिलेली वेळ पाळली पाहिजे.

2. तयार उत्तरे : पन्हा किती, कापड आकसते का, बदलून मिळेल का, हे प्रश्न रोज येतात. त्यांची उत्तरे एकदा नीट लिहून साठवली की तिरपी रेघ आणि एक शब्द टाकताच ती समोर येतात.

3. मालाची यादी : फोटो, भाव आणि माहितीसह माल मांडून ठेवता येतो. माल संपला की त्याच दिवशी तो यादीतून काढावा. नाही तर गिऱ्हाईक संपलेलाच माल मागते आणि दोघांचाही वेळ जातो.

4. खुणेच्या चिठ्ठ्या : नवी ऑर्डर, पैसे येणे बाकी, माल पाठवला, अशा रंगीत चिठ्ठ्या प्रत्येक संभाषणाला लावता येतात. सकाळी फक्त "पैसे बाकी" उघडले की उधारी समोर दिसते.

आमचे शिक्षण उर्दू माध्यमातून झाले. मराठी टाइप करताना बोटे अडखळत. नंतर कळले की कीबोर्डवरील माइकचे चिन्ह दाबून मराठी, हिंदी किंवा उर्दूत बोलले तर अक्षरे आपोआप उमटतात. पाठवण्याआधी एकदा वाचून पाहावे, विशेषतः भावाचे आकडे.

फोटो एकदा, वापर आठवडाभर

रोज एक फोटो काढत बसू नये. आम्ही सोमवारी सकाळी दुकानाच्या दाराशी, दिवसाच्या उजेडात आठवड्याचे सर्व फोटो काढतो. ट्यूबलाइटखाली मोरपिशी रंग निळा दिसतो आणि माल परत येतो. प्रत्येक कपड्याचे तीन फोटो पुरतात : पूर्ण कापड, जवळून विणकाम किंवा जरीकाम, आणि शिवलेला नमुना. कापडाच्या फोटोत मोजपट्टी ठेवली की पन्ह्याचा प्रश्न येत नाही.

फोटोखाली भाव लिहावा. "भावासाठी संपर्क करा" असे लिहिले की पन्नास जण विचारतात आणि घेणारे दोन असतात. भाव दिसला म्हणजे ज्याला परवडते तोच विचारतो. फेसबुक आणि इन्स्टाग्राम यांचे मालक एकच, मेटा कंपनी. तिच्या मोफत साधनातून दोन्ही ठिकाणची आठवड्याची प्रसिद्धी एकाच बैठकीत वेळ लावून ठेवता येते. सोमवारी ते काम उरकले की उरलेला आठवडा फक्त उत्तरे देण्यासाठी मोकळा राहतो.

ग्रुपची चूक

आमची एक चूक सांगितली पाहिजे. सुरुवातीला आम्ही सर्व गिऱ्हाइकांचा एकच व्हॉट्सॲप ग्रुप केला. ग्रुपमध्ये प्रत्येकाचा नंबर सर्वांना दिसतो, हे लक्षात घेतले नाही. आमच्या गिऱ्हाइकांत बहुतेक महिला. त्यांच्यापैकी काहींना अनोळखी माणसांचे रात्री-अपरात्री फोन येऊ लागले. एक वृद्ध बाई दुकानात येऊन म्हणाल्या, "भाई, आम्ही नंबर तुम्हाला दिला होता, बाजाराला नाही." आम्ही माफी मागितली आणि ग्रुप त्याच दिवशी बंद केला. तरी काही घरे तुटली ती तुटलीच.

त्याऐवजी ब्रॉडकास्ट यादी वापरावी. तिच्यात निरोप प्रत्येकाला स्वतंत्र जातो आणि एकाचा नंबर दुसऱ्याला दिसत नाही. ज्याने आपला नंबर आपल्या मोबाइलमध्ये जपून ठेवला आहे त्यालाच तो पोहोचतो. म्हणून बिल देतानाच गिऱ्हाइकाला नंबर जपून ठेवण्याची विनंती करावी. निरोप आठवड्याला एक पुरे. रोज पाठवल्यास लोक आपल्याला बंद करतात आणि तशा तक्रारी वाढल्या तर खातेही बंद होऊ शकते. गिऱ्हाइकाचा फोटो त्याच्या परवानगीशिवाय कुठेही टाकू नये.

वही सोडू नका

सर्वांत मोठा धडा एका रमजानमध्ये मिळाला. शेवटच्या दहा दिवसांची गर्दी होती. एका माणसाचा फोन आला, "माझा सहा आकडी कोड चुकून तुमच्या नंबरवर गेला आहे, जरा सांगता का?" घाईत आम्ही सांगून टाकला. तो आमच्याच खात्याचा कोड होता. काही मिनिटांत खाते हातातून गेले आणि आमच्या नावाने गिऱ्हाइकांकडे पैसे मागणे सुरू झाले. आम्ही पुन्हा नोंदणी केल्यावर तो माणूस बाहेर पडला, पण त्याने आधीच आपला पिन लावून ठेवला होता. पिन ठाऊक नसेल तर खाते उघडायला सात दिवस थांबावे लागते. ईद पाच दिवसांवर होती.

मापे, आगाऊ रक्कम, कोणाला कोणता रंग, सारे त्या संभाषणांत अडकले होते. शिवून तयार झालेले सूट कारागिरांनी आणून ठेवले. कोणते कोणाचे ते सांगता येईना. लोक दारात उभे राहिले तेव्हा त्यांच्याकडूनच ऑर्डर विचारून घ्यावी लागली. बहुतेकांनी सांभाळून घेतले. काहींना ईदला नवा जोडा मिळाला नाही, ती रुखरुख आजही आहे.

आता प्रत्येक ऑर्डर त्याच दिवशी वहीत उतरते : नाव, नंबर, माल, माप, आगाऊ रक्कम, देण्याची तारीख. खात्याला दोन टप्प्यांचा पिन लावला आहे. कोड कोणालाही, घरच्या माणसाचे नाव घेऊन मागितला तरी, सांगायचा नाही. त्याच नंबरला आणखी चार उपकरणे जोडता येतात, त्यामुळे मुलगी घरून उत्तरे देते. नोकर काम सोडून गेला तर त्याचे उपकरण लगेच काढून टाकतो. पैशांची फसवणूक झाली तर वेळ न दवडता 1930 या सायबर मदत क्रमांकावर फोन करावा.

यात फक्त चोराचाच धोका नाही. 29 जून 2020 रोजी सरकारने टिकटॉकवर बंदी घातली आणि केवळ त्यावरच माल दाखवणाऱ्यांची ओळख एका दिवसात पुसली गेली. 4 ऑक्टोबर 2021 च्या रात्री फेसबुक, इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सॲप तिन्ही एकदम सुमारे सहा तास बंद पडले. जागा दुसऱ्याची आहे, तिची किल्लीही दुसऱ्याकडे आहे. गिऱ्हाइकाचे नाव आणि नंबर लिहिलेली वही मात्र आपली आहे.

ज्यांना आजच सुरुवात करायची आहे त्यांनी तीन कामे करावीत. खात्याला पिन लावावा. बाकी असलेल्या सर्व ऑर्डर वहीत उतरवाव्यात. आणि गल्ल्याजवळ कोरे पान ठेवून, "आमचे नाव कुठून कळले?" हे विचारायला लागावे. महिनाअखेरीस ते पान वाचून आपला वेळ कुठे लावायचा हे ठरवता येईल.