नागपूर ते इंदूर : विमानाचे अंतर व लागणारा वेळ

महाकालेश्वर व ओंकारेश्वर या दोन ज्योतिर्लिंगांच्या दर्शनास तिगाव, पांढुर्णा व सौंसर परिसरातून दरवर्षी अनेक कुटुंबे जातात. वृद्ध माता-पित्यांना विमानाने न्यावे काय, असा प्रश्न अलीकडे वारंवार विचारला जातो. भाविकांच्या माहितीसाठी त्याचा हिशेब येथे देत आहोत.

नागपूरचा डॉ. बाबासाहेब आंबेडकर विमानतळ व इंदूरचा देवी अहिल्याबाई होळकर विमानतळ यांमधील सरळ रेषेतील अंतर सुमारे ३८० किलोमीटर, म्हणजेच सुमारे २०५ सागरी मैल आहे. (काशी विश्वेश्वराचे मंदिर पुन्हा उभारणाऱ्या अहिल्यादेवींचे नाव यात्रेकरूंच्या या विमानतळास लाभावे, हे उचितच होय.) जेट विमान आकाशात ताशी ८०० किलोमीटरच्या आसपास वेग घेते. त्या हिशेबाने अर्ध्या तासात इंदूर यावयास हवे. परंतु वेळापत्रकात साधारणतः सव्वा तास दाखविलेला असतो. याचे कारण असे की, विमान जागेवरून हलल्यापासून इंदुरास थांबेपर्यंतचा सर्व वेळ त्यात धरलेला असतो. धावपट्टीपर्यंत जाणे, उंची गाठणे, पुन्हा खाली येणे व उतरण्याच्या क्रमाची वाट पाहणे यांतच अर्धा-अधिक वेळ जातो. शिवाय हिवाळ्यात वरच्या हवेत पश्चिमेकडून वारे वाहतात. त्यामुळे जाताना येण्यापेक्षा काही मिनिटे अधिक लागू शकतात.

आता तिगावच्या दृष्टीने पाहू. नागपूर-इंदूर ही सरळ रेषा काटोल-नरखेड परिसरावरून, म्हणजे आपल्या गावाच्या बऱ्याच जवळून जाते. अर्थात विमानासाठी आपण प्रथम शंभराहून अधिक किलोमीटर उलट दिशेला जातो आणि तेवढेच अंतर आकाशातून परत येतो! नागपूर विमानतळापर्यंत अडीच तास, उड्डाणापूर्वी दोन तास, उड्डाणाचा सव्वा तास, सामान मिळण्यास अर्धा तास व पुढे उज्जैनचे सुमारे ५५ किलोमीटर, दीड तास. एकूण पावणेआठ तास होतात. पांढुर्ण्यावरून जाणारा राष्ट्रीय महामार्ग ४७ मात्र मुलताई, बैतूल, हरदा मार्गे थेट इंदुरास पोहोचतो, व मोटारीने उज्जैन आठ-नऊ तासांत गाठता येते. एवढ्या थोड्या बचतीसाठी तिगावहून विमानाचा खर्च करणे आम्हांस योग्य वाटत नाही. ज्यांचे वडीलधारे नागपुरातच मुलांकडे राहतात, त्यांचे मात्र तीन-चार तास वाचतात व गुडघ्यांचा त्रासही टळतो. अशा ज्येष्ठांसाठी तिकीट काढतानाच चाकाच्या खुर्चीची मागणी नोंदवावी.

विमानांची वेळापत्रके मार्च व ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपासून बदलतात; थेट उड्डाण कोणत्या वारी आहे हे पाहूनच अभिषेकाची तारीख ठरवावी. पूजासाहित्यातील कापूर व काडेपेटी विमानात कोणत्याही सामानात नेता येत नाही. ते उज्जैन येथेच विकत घ्यावे.