मदत की भरपाई?

आता आपण दोन शब्दांतला फरक पाहू: मदत आणि भरपाई. अर्जेंटिनात २०१८ साली ‘ब्रिसा कायदा’ झाला. बापाने आईचा खून केला, तर मागे राहिलेल्या प्रत्येक मुलाला वयाच्या २१ वर्षांपर्यंत दरमहा किमान निवृत्तिवेतनाइतकी रक्कम आणि आरोग्यसेवा सरकारने द्यायची. शिक्षा होईपर्यंत थांबायचं नाही. बापावर रीतसर आरोप ठेवले गेले की पुरे. या रकमेला कायदा ‘भरपाई’ म्हणतो. आपण विचारू, खून सरकारने थोडाच केला? नाही केला. पण त्या आईचं रक्षण करणं हे सरकारचं काम होतं, ते झालं नाही. मदत देणारा उपकार करतो, भरपाई देणारा देणं फेडतो. आई परत येत नाही. पण मुलाला कुणापुढे हात पसरावा लागत नाही; ते आपल्या हक्काचं मागतं.