दोन काचा भेटतात तेव्हा

१९४० साली बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतून सर चंद्रशेखर वेंकट रामन आणि व्ही. एस. राजगोपालन यांचा प्राचीन काचेवरचा शोधनिबंध प्रसिद्ध झाला. शतकानुशतके जमिनीत पडून राहिलेल्या काचेवर मोरपिसासारखे रंग खेळतात, पण त्यांना कारण ठरणारे रंगद्रव्य तिथे नसते. ओलाव्याने काचेतले क्षार निघून जातात आणि अतिपातळ थर उरतात. त्या थरांवरून परतणाऱ्या प्रकाशलहरी एकमेकींत मिसळल्या की रंग दिसतो.

काचकाम करणाऱ्यांच्या विजेच्या भट्टीत याहून वेगळी गोष्ट घडते. तिथे दोन रंगीत काचांच्या सीमेवर तिसरा रंग रसायनक्रियेने जन्माला येतो. अशा काचांना रिअॅक्टिव्ह ग्लास म्हणतात.

फिरोजी काचेला रंग येतो तो तांब्यामुळे. काही पिवळ्या आणि सायीच्या रंगाच्या काचांमध्ये गंधक असते, तर अनेक लाल-नारिंगी काचांमध्ये सेलेनियमही असते. तांब्याची काच गंधकाच्या काचेला टेकवून सुमारे ८०० अंश सेल्सिअसपर्यंत तापवली की दोन्ही मऊ होऊन एकजीव होतात. सांध्यापाशी तांबे आणि गंधक यांचा संयोग होतो आणि तपकिरी-काळी रेघ उमटते. वितळलेली काचही फार घट्ट असल्यामुळे मूलद्रव्ये तिच्यात दूरवर जाऊ शकत नाहीत, म्हणून ही रेघ बारीक राहते. भट्टी त्या तापमानाला जास्त वेळ ठेवली तर रेघ अधिक गडद आणि रुंद होऊ शकते. गंधकयुक्त काचेवर चांदीचा वर्ख ठेवून भाजला, तर त्याभोवती पिवळसर तपकिरी छटा पसरतात. देव्हाऱ्यातली चांदीची भांडी काळवंडतात, तीही गंधकामुळेच.

रसायन जुळले तरी भौतिकशास्त्र सांभाळावे लागते. दोन्ही काचा तापल्यावर सारख्याच प्रसरण पावणाऱ्या हव्यात, नाहीतर थंड होताना तुकडा तडकतो. म्हणून भट्टी एकदम निवू न देता सुमारे ५०० अंशांवर थांबवतात. आतला ताण विरला की ती सावकाश निववतात.

म्हणूनच मोठे काम हाती घेण्याआधी नव्या जोडीचा छोटा नमुना भाजून पाहावा आणि तापमान व वेळ नोंदवून ठेवावी. भट्टीत जाण्यापूर्वी ही रेघ कुठेच दिसत नाही. कोणत्या काचेत तांबे आहे आणि कोणत्या काचेत गंधक, हे ज्याला ठाऊक आहे त्यालाच ती हवी तिथे उमटवता येते. या कलेत रसायनशास्त्राचे ज्ञान हे हाताच्या कौशल्याइतकेच मोलाचे आहे.